पानावरचे पांढरे ठिपके

ते पान मी कापलं. माशांनी काहीच केलं नव्हतं. एवढं साधं वाक्य बायकोसमोर उच्चारायला मला अख्खा उन्हाळा आणि अख्खा पावसाळा लागला, म्हणून इथे आधी तेच लिहून टाकतो.

आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी माशांची टाकी आहे. मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, घर एकदम शांत झालं, तेव्हा बायकोनं ती घेतली. टाकीत सगळी मिसळ वस्ती. गप्पींचा घोळका, काही मॉली, तळाशी काच चाटत फिरणारा एक काळा सकर, आणि चपट्या अंगाच्या, लांब पंखांच्या एंजलची जोडी. बायको कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीची. तिच्या माहेरी घरात मासा कधी आला नाही. टाकी पहिल्यांदा बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "खायचं न्हाय, विकायचं न्हाय, मग पाळायचं कशाला गं?" त्यावर ही म्हणाली, "बघायचं."

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. पाण्याचा दिवस आला की आम्ही पिंप, घागरी, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवतो. त्यातली एक निळी बादली ती टाकीसाठी बाजूला काढायची, आणि मी दर वेळी कुरकुर करायचो.

"माणसांना पाणी नाही, आणि यांच्या आंघोळी!"

"तुम्ही एक बादली कमी घ्या की मग," ती म्हणायची. "तुमच्या आंघोळीनं तरी काय फरक पडतोय?"

मी चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात तपासणीला आहे. उजेडाच्या टेबलावर टॉवेल पसरायचा आणि दोष शोधायचा. सुटलेला धागा, तेलाचा डाग, काहीही. सगळे टॉवेल कोणी बघत नाही. लॉटमधले काही काढून बघायचे, आणि त्यांत ठरल्यापेक्षा जास्त डागी निघाले तर अख्खा लॉट परत पाठवायचा. उरलेले चांगले असले तरी परत. परत पाठवण्याआधी दोषाचा फोटो काढायचा. इतकी वर्षं हेच केल्यानं माझी नजर कुठेही गेली तरी आधी डागावर पडते. भाकरीच्या आधी मला भाकरीचा करपलेला काठ दिसतो, असं बायको म्हणते. मी ते कौतुक समजायचो.

उन्हाळा नुकताच लागला होता. सकाळी मी डबा भरून घेत होतो, तेवढ्यात हॉलमधून हाक आली.

"अहो, हितं या की लवकर! एंजलनं अंडी घातली!"

टाकीतल्या रुंद पानांच्या रोपाच्या एका पानावर मोहरीच्या दाण्यांपेक्षा बारीक, पाणीदार मणी चिकटले होते. मी चष्मा लावून बघितलं आणि लगेच निकाल दिला, "गोगलगायीची आहेत."

मला तसं वाटायला कारण होतं. हे रोप आणलं तेव्हा त्याच्या मुळांतून बारीक गोगलगायी आल्या होत्या, आणि काचेवरची त्यांची अंडी जुन्या ब्लेडनं खरवडायचं काम माझ्याकडेच होतं. त्यामुळे त्या विषयातला जाणकार मी, असं मी धरून चाललो होतो.

"गोगलगायीची अंडी चिकट गोळ्यात असतात," ती म्हणाली. "तुम्हीच काढलीत की. ही बघा, सुटी सुटी, ओळीनं. रांगोळीचे ठिपके काढल्यासारखी. आणि ती दोघं बघा कशी वारा घालतायत."

एंजलची जोडी खरोखरच पानासमोर उभी राहून पंख हलवत होती. एखादी मॉली जवळ आली की नर तिच्या अंगावर धावून जायचा. बाकी सगळी वस्ती एका कोपऱ्यात गोळा झाली होती.

"याला दादागिरी म्हणतात," मी म्हणालो. "परवापासून चाललंय त्यांचं."

"सुम्नीर्री!" ती म्हणाली. मला गप्प बसवायचं असलं की तिला कानडीच आठवतं. मग हसून म्हणाली, "तुम्ही मुलीच्या वेळेला दवाखान्याच्या दारात असंच उभं होता. कुणाला आत येऊ देत नव्हता."

त्याच दुपारी तिला दुधनीला जायचं होतं, भाच्याच्या जावळासाठी. निघायच्या आधी तिनं घाईघाईत निळी बादली टाकीत रिकामी केली आणि चपला घालता घालता मला बजावलं, "दाणे चिमूटभरच टाका. पानाला हात लावू नका." ती दोनदा मागे वळून टाकीकडे बघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर काही अंडी पांढरी पडली होती. बारीक कापूस लागावा तशी. मला वाटलं, बुरशी. गोगलगायीची घाण, वर ती सडायला लागलेली, आता टाकीभर पसरणार. बाकीच्या अंड्यांकडे मी नीट बघितलंच नाही. काही डागी दिसली ना, मग लॉट परत. सवयीनं फोटो काढला, कात्रीनं पान देठापासून कापलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. खाली घंटागाडी वाजत होती, म्हणून डबाही लगेच रिकामा करून आलो. तिच्या सांगण्याविरुद्ध वागतोय हे मला कळत होतं. पण टाकी वाचवल्याबद्दल ती नंतर आभारच मानेल, असंही मनात होतं.

वर आलो तर एंजलची मादी कापलेल्या देठासमोर उभी होती. पंख हलवत होती. जिथे पान नव्हतं तिथे वारा घालत होती. नर टाकीच्या तळाशी जाऊन खडे उलथत होता.

मी सोफ्यावर बसलो आणि फोनवर शोधायला लागलो. जे बायकोनं सांगितलं होतं तेच तिथे होतं. गोगलगायीची अंडी एका चिकट गोळ्यात, एंजलची सुटी आणि रांगेत. पांढरी पडतात ती न फळलेली. त्यांचं काही होत नाही, पण त्यामुळे बाकीची वाया गेली असं नसतं. मग मी काढलेला फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. पांढरी मोजकीच होती. उरलेल्या प्रत्येक पाणीदार मण्यात एक काळा ठिपका दिसत होता. जीव धरला होता त्यांनी.

मी तो फोटो पुसून टाकला.

संध्याकाळी तिचा फोन आला. मागे जावळाचा गोंधळ, बायकांचं हसणं. "अंडी कशी आहेत?"

फोनवर शोधताना मी हेही वाचलं होतं की पहिल्या खेपेला एंजल कधी कधी स्वतःचीच अंडी खातात. ते नेमकं उपयोगी पडलं.

"अगं, त्यांनीच खाल्ली," मी म्हणालो. "पानही सडलं होतं, ते काढून टाकलं."

मागचं हसणं तेवढं ऐकू येत राहिलं.

परत आल्यावर ती बराच वेळ टाकीसमोर उभी राहिली. मग म्हणाली, "माझंच चुकलं. जाताना घाईत गार पाणी ओतलं. त्यानं बिचकली असणार. नाहीतर आपली अंडी कोण खाईल?"

त्या वेळी मला बोलता आलं असतं. मी म्हणालो, "असेल."

त्यानंतर निळ्या बादलीतलं पाणी ती दिवसभर उन्हात ठेवायला लागली. टाकीत घालण्याआधी मनगटावर थेंब टाकून बघायची, तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं. शेजारणीला सांगताना मी ऐकलं, "माझ्या घाईनं गेली हो." मी पेपर वाचत होतो. पान उलटलं. पाण्यावरून कुरकुर करायची मी तेव्हापासून बंद केली, आणि तिला वाटलं, नवरा सुधारला.

पावसाळा सरत आला तेव्हा रोपाच्या नव्या पानावर पुन्हा अंडी आली. या वेळी तिनं मला हाक मारली नाही. मासे बिचकू नयेत म्हणून टाकीच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवलं, स्टूल ओढलं आणि बसली. स्वयंपाक आटोपून आली आणि पुन्हा बसली.

त्याच दिवशी दुधनीहून फोन आला. सासूबाई अंगणात घसरल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये होता. ती कणीक मळत होती, म्हणून फोन स्पीकरवर होता. सासूबाई स्वतःच बोलत होत्या.

"कवा येतीस?"

"येते अव्वा, तीन-चार दिवसांनी. हितं अंडी आहेत माशांची. मागच्या वेळी मी गेले आणि सगळी गेली."

"व्हय गं!" सासूबाई म्हणाल्या. "आपल्यात कधी मासा शिजला न्हाय आणि तू त्यांची सुईण झालीस? आईचा पाय मोडलाय की हितं." त्या हसत होत्या, पण शेवटी आवाज जरा ओला झाला. "बघ, तुला जमंल तसं."

फोन बंद झाला. ती तशीच कणकेत हात घालून उभी राहिली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, तिनं खांद्यानं पुसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. म्हणालो, "मागच्या वेळी माशांनी अंडी खाल्ली नव्हती. पान मी कापलं."

तिनं वळून बघितलं. "तुम्ही म्हणालात, खाल्ली."

"खोटं बोललो. काही पांढरी दिसली, म्हणून मी सगळंच टाकून दिलं."

"आणि बाकीची?"

"चांगली होती. आत काळे ठिपके दिसत होते."

"तुम्हाला कशात दिसले?"

"फोटो काढला होता."

"दाखवा."

"पुसला."

ती नळाकडे गेली. नळाला पाणी नव्हतं म्हणून तांब्यानं हात धुतले, सावकाश. मग म्हणाली, "गार पाण्यानं बिचकली असणार, असं मी म्हटलं होतं. तुम्ही 'असेल' म्हणालात."

तो शब्द तिच्याही लक्षात होता.

"सॉरी," मी म्हणालो.

"कशाचं?" ती म्हणाली. "पानाचं?"

ती आत जाऊन कपाटातून साड्या काढायला लागली. दुधनीला न्यायची पिशवी पलंगावर ठेवली. मी तिच्या मागे गेलो.

"पान चुकून कापलं," मी म्हणालो. "पण तुला मी जाणूनबुजून दोषी राहू दिलं. तू इतके महिने स्वतःला बोल लावत होतीस आणि मी शेजारी बसून ऐकत होतो. तुझं पाणी चुकलं नव्हतं. तुझं जाणंही चुकलं नव्हतं. आज आईकडे जायचं तू टाळलंस, तेही माझ्यामुळे. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. मला माफ कर."