पंचावन्नला सुरू होणारी थरथर

वैद्यबुवांचा औषधाशी संबंध दुखऱ्या कमरेपुरताच. धंद्याने ते मोटरसायकली दुरुस्त करणारे मिस्त्री. पण गाडी स्टँडवर चढवायची, इंजिन चालू करायचं, लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि नाडी बघितल्यासारखं निदान सांगायचं, ही त्यांची रीत. त्यावरून लोकांनीच त्यांना वैद्य करून टाकलं. इतर मिस्त्री गाडीवर एक चक्कर मारून बघतात. वैद्यबुवा कधीच मारत नसत. "चालवून काय, कुणालाही कळेल," असं ते म्हणत आणि गिऱ्हाइकं माना डोलावत.

खरं कारण फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. अकरा वर्षांपूर्वी सांडलेल्या तेलावरून त्यांची गाडी घसरली होती. लागलं काहीच नाही. पँटसुद्धा फाटली नाही. पण त्या दिवसापासून त्यांनी गाडीची जी धास्ती घेतली ती घेतलीच. ते दुकानात पायी येत; लोक म्हणत, तब्येतीला किती जपतात! सामान आणायला बायको स्कूटरवरून जाई. लोक म्हणत, विचारांनी किती पुढारलेले! एकदा नाव झालं की माणूस नुसता शिंकला तरी लोक त्यात अर्थ शोधतात. वैद्यबुवाही काही कमी नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

तर या वैद्यबुवांकडे दवाखान्यातल्या सिस्टर आपली गाडी टेम्पोत घालून घेऊन आल्या. टेकडीपलीकडच्या वस्त्यांवरची बाळंतपणं गेली वीस वर्षं त्याच करत होत्या. कुत्र्याला वाचवायला गेल्या आणि पुलाच्या कठड्यावर आदळल्या. त्यांना चार ठिकाणी खरचटलं, गाडीचं मात्र पुढून कंबरडं मोडलं. रिमचा आठ झालेला, शॉकअपचे पाईप मागे वाकलेले, हँडल तिरकं.

वैद्यबुवांनी दहा दिवस मन लावून काम केलं, हे कबूल केलंच पाहिजे. नवे पाईप घातले, नवं हँडल घातलं, नव्या रिमवर नवा टायर चढवला. रिमशेजारी खडू धरून चाक फिरवत एकेक आरा असा आवळला, की खडूची रेघ चाकभर सारखी उमटली. सिस्टर खुश होऊन गेल्या आणि चौथ्या दिवशी परत आल्या.

"वैद्यबुवा, पंचावन्नच्या पुढे हँडल थरथरतंय. हाताला मुंग्या येतात."

वैद्यबुवांनी गाडी स्टँडवर घेतली, स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला. काही नाही. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं. सरळ फिरलं. आता स्टँडवरची गाडी पंचावन्नच्या वेगाने कशी धावणार? पण तेवढ्यासाठी रस्त्यावर जाणं आलं आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. मग त्यांनी हँडलच्या मुठी बदलल्या. तरी थरथर राहिली, तेव्हा हँडलखालचे बेअरिंग बदलले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो कारभार. तिसऱ्यांदा सिस्टर आल्या, तेव्हा दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती. चौघांसमोर "मला सापडत नाही" म्हणायचं म्हणजे वैद्यकीच बुडाली.

वैद्यबुवांनी डोळे मिटले, मान हलवली आणि म्हणाले, "सिस्टर, गाडी ठणठणीत आहे. मोठी धडक बसली की असं होतं. थरथर गाडीत नाहीये, तुमच्या मनात बसलीय."

चारही गिऱ्हाइकं "वा!" म्हणाली. एक तर म्हणाला, वैद्यबुवा आता माणसांचंही निदान करतात! अकरा वर्षांत ज्याने हँडल धरलं नाही, तो माणूस वीस वर्षं घाट चढणाऱ्या बाईला भित्री ठरवतो आणि वर वाहवा मिळवतो, याला काय म्हणावं!

सिस्टरनी मात्र ते खरं मानलं. घाबरलेल्या बाळंतिणींना "काही नाही गं, तुझ्या मनात भीती आहे" असं त्या स्वतःच आजवर सांगत आल्या होत्या. त्यांनी वेग कमी केला. मग टेकडीवर जाणं एक दिवसाआड केलं. मग गाडी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहिली.

तीन आठवड्यांनी त्या दुकानात आल्या. हातात एक घडी घातलेला कागद होता.

"गाडीला गिऱ्हाईक बघा, वैद्यबुवा. मी ऑफिसातलं काम मागून घेतेय. सोमवारी अर्ज देणार."

"आणि टेकडीपलीकडे कोण जाणार?"

"कुणी नाही. बायका येतील खाली, जमेल तशा. मला नाही आता हिंमत होत. तुम्ही म्हणालात ते बरोबरच होतं."

आपण बरोबर आहोत हे ऐकून इतकं वाईट त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. गोणपाटावर बसून नटबोल्ट निवडणारी बायको उठली, आत गेली आणि हेल्मेट घेऊन बाहेर आली. ते तिने नवऱ्याच्या छातीशी धरलं.

"अहो, जाऊन या एक चक्कर."

"आत्ता? अगं, कमर…"

"कमरेचं मी बघते. तुम्ही जा."

दुकानातल्या मंडळींना वाटलं, काहीतरी खास इलाज चाललाय. सिस्टरनी व्हरांड्यातली गाडी आणून दिली. वैद्यबुवा तिच्यावर बसले आणि निघाले, ते इतके हळू, की शेजारून चालणारा एक म्हातारा त्यांच्या पुढे गेला.

मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत सदरा पाठीला चिकटला होता. तीसला हात थरथरत होते. चाळीसला थरथरत होते. वैद्यबुवांना रडू यायचं बाकी होतं. माझेच हात असे लटलटतायत, तर गाडीची थरथर वेगळी ओळखू कशी? आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की चाळीसला हात थरथरताहेत, पण हँडल शांत आहे. त्यांनी दात आवळून अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला. पंचावन्नला हँडल बोलायला लागलं. साठला मुंग्या कोपरापर्यंत आल्या. क्लच दाबला, इंजिन मंदावलं, तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही, चाक. वेग पंचेचाळीसवर आला आणि हँडल गप्प झालं. हात थरथरतच होते. भीती काही वेग बघून येत-जात नव्हती. वेग बघून येत-जात होती ती फक्त गाडीची खोड.

परत येऊन ते गाडीवरून उतरले की पडले, हे सांगणं कठीण. पण लगेच कामाला बसले. पुढचं चाक उचललं आणि या खेपेला ब्रेक काढून बाजूला ठेवला. इतके दिवस ब्रेकच्या घासण्याने चाक वाटेल तिथे थांबत होतं. आता मोकळं सोडल्यावर ते फिरलं, मंदावलं, जरासं मागे आलं आणि थांबलं. पुन्हा फिरवलं, त्याच जागी थांबलं. सहा वेळा तीच बाजू खाली. जुन्या चाकाच्या आऱ्याला वजन सारखं करणारा शिशाचा बारका तुकडा होता. तो वैद्यबुवांनी जुन्या रिमबरोबर भंगारात टाकला होता आणि नव्या चाकाचं वजन तपासलंच नव्हतं. सिस्टरच्या मनात डोकावण्याआधी ब्रेक काढला असता, तर हे इथे बसूनसुद्धा कळलं असतं.

त्यांनी वरच्या बाजूच्या आऱ्यावर शिसं अडकवलं, चाक कुठेही थांबायला लागेपर्यंत कमीजास्त केलं. सिस्टर जाऊन आल्या. साठ, पासष्ट, सत्तर. उतरल्या तेव्हा चेहरा लाल होता, पण आनंदाने नव्हे.

"तीन आठवडे मी रोज सकाळी स्वतःला भित्री म्हणत उठलेय," त्या म्हणाल्या. "माझ्या मनात काय होतं मग?"

"काही नव्हतं." वैद्यबुवा दुकानाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी होती. आणि मी गाडी चालवत नाही, कारण मला भीती वाटते. अकरा वर्षं झाली."

एक गिऱ्हाईक म्हणालं, "केवढा मोठेपणा! बाईंना बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतलं." दुसऱ्याने हात जोडले. वैद्यबुवा "अहो, खरंच" म्हणाले, तर तिसरा म्हणाला, "आणि विनय बघा." बायकोने नटबोल्टांच्या डब्यात डोकं घातलं, तिचे खांदे हलत होते.

सिस्टरनी अर्ज फाडला, गाडीला किक मारली आणि वैद्यबुवांकडे वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. त्यांचे हात अजून थरथरत होते.

"भित्रे आहात खरे," त्या म्हणाल्या आणि टेकडीच्या रस्त्याला लागल्या.

वैद्यबुवा मटकन गोणपाटावर बसले. इतक्या वर्षांत त्यांचं निदान पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर केलं होतं.