वॅगनच्या दारावरचा खडू

सकाळपासून शेजारच्या फ्लॅटमध्ये ग्रिलला रेड ऑक्साइडचा तांबडा रंग लावणं चाललंय. तो वास जिन्यातून, दाराच्या फटीतून, माझ्या फोडणीला बाजूला सारून थेट टेबलापर्यंत आला आहे. सोनिवलीत हल्ली रोज कुठे ना कुठे नवी इमारत उठते, नवी ग्रिल बसते, तेव्हा या वासाचं नवल ते काय? खालच्या मजल्यावरच्या बाई नाकाला पदर लावून वर आल्या आणि म्हणाल्या, "काय हो, तुमचं डोकं नाही दुखत?" मी म्हटलं, "माझं उतरतं." त्यांना काय सांगू, की हा जाड, थोडा गंजासारखा, घशाशी रेंगाळणारा वास माझ्या संसाराचा आहे? कुणाच्या संसाराला मोगऱ्याचा वास असतो, कुणाच्या तळलेल्या बोंबलाचा. आमच्या संसाराला मालगाडीच्या डब्याचा होता. आत्ताही माझ्यासमोर तसा एक डबा उभा आहे, वितीएवढाही नाही, बंद दारांचा, छपरापासून चाकापर्यंत पुरा झालेला. त्याचं एकच काम राहिलं आहे, आणि ते मला जमत नाही.

मला न जमणारं काम म्हणजे दुर्मीळच, हे आधीच सांगून ठेवते. ऐंशीच्या दशकात अंबरनाथच्या एका कारखान्यात मी ट्रेसर होते. इंजिनियर पेन्सिलीने नकाशे काढत, मी ते ट्रेसिंग कागदावर शाईने उतरवायचे. माझी रेघ पाहून आमचे साहेब म्हणत, "ही बाई श्वास कधी घेते?" आमचे हे त्याच कारखान्यात पेंट खात्यात होते. तयार यंत्रांवर नावं, आकडे, बाण, 'सावधान' वगैरे लिहायचं ते ह्यांचं काम. पट्टी नाही, स्टेन्सिल नाही, हातात ब्रश आणि डोळ्यांत अंदाज. माझी अक्षरं सरळ उभी, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखी. ह्यांची अक्षरं चालायची. बदलापुरात आमच्या वस्तीत जयंतीची कमान उभी राहिली की निळ्या कापडावरची पांढरी अक्षरं दरवर्षी हेच लिहीत. माणसं येता-जाता मान वर करून वाचायची, आणि मी खाली उभी राहून त्या माणसांची तोंडं वाचायची. तो माझा सण होता.

गाड्यांचं वेड ह्यांच्या मोठ्या भावाने लावलं. मस्कतहून येताना त्यांनी एक चपटा खोका आणला, वर परदेशी मालगाडीचं चित्र. आत गार्डच्या डब्याचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटलेले. कापायचे, घासायचे, जोडायचे. हे ते काम करायला बसले की घरातलं घड्याळ बंद पडे. डबा झाला देखणा, पण होता थंडीच्या देशातला. आतल्या गार्डाला शेकायला शेगडी आणि छपरावर धुराडं! मी म्हटलं, "अहो, बदलापूरच्या उकाड्यात हा गार्ड शेगडी पेटवून बसणार?" ह्यांनी धुराडं उडवलं, भोकात लांबी भरली आणि म्हणाले, "आता आपला झाला. पण याच्यापुढे गाडी कोण जोडणार?" मी म्हटलं, "मी." एवढंच ठरलं. बाकीचे डबे आपल्या इथले, डोळ्यांनी पाहिलेले, आणि सगळे हाताने केलेले.

आता हाताने म्हणजे कशाचे, तर मिळेल त्याचे. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बाजारात मिळत नाही असं काही जगात नसतं, फक्त ते दुसऱ्याच नावाने मिळतं. डब्याच्या टोकाचे, धक्का झेलणारे बफर मला टिचबटणांत सापडले, दाराच्या कड्या ब्लाउजच्या हुकांत, ब्रेकचे दांडे इंजेक्शनच्या सुयांत. पत्र्यावरचे रिव्हेट तर माझ्या हातचा मळ. जाड कागदाच्या पाठीमागून कंपासचं टोक दाबत जायचं, पुढून ओळीने ठिपके उठतात. हुक-बटणांच्या दुकानातल्या सिंधी काकांना माझं कोडं पडलं होतं. एकदा न राहवून त्यांनी विचारलं, "भाभी, इतने हुक! कितने ब्लाउज सिलती हो?" मी म्हटलं, "ब्लाउज नहीं साईं, मालगाडी." त्यांनी मागच्या गिऱ्हाइकाला गंभीरपणे सांगितलं, "ये भाभी का रेलवे में बड़ा काम है." पुढे मी दिसले की ते आपणहून टिचबटणांचा डबा पुढे करत.

पहिल्या वॅगनची मापं आम्ही अंबरनाथच्या एका सायडिंगवर उभ्या असलेल्या खऱ्या वॅगनवरून घेतली. चार चाकांची, उघडी, उंच बाजूंची. माझ्या हातात शिंप्याची टेप, हे आकडे टिपून घेत होते. राखणदार लांबून ओरडला, "ओ बाई, वॅगनला झंपर शिवताय काय?" मी ओरडले, "हो, तुमच्याकडे अस्तर आहे का?" तो इतका हसला की त्याने आम्हाला हाकललंच नाही. तिथून मी ती वॅगन जीव ओतून केली. मग दुसरी केली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ठिकाणी मोजलेली. दोन्ही एकापुढे एक ठेवल्या, आणि माझं तोंड उतरलं. पहिली खाली बसलेली! फरक तांदळाच्या दाण्याएवढा, पण बफरला बफर भिडेना, कडी कडीत बसेना. मी ह्यांच्या आकड्यांना दोष दिला, ह्यांनी माझ्या टेपला. दोन दिवस आम्ही कामापुरतंच बोललो. आणि मग भाकरी मोडता मोडता हे एकदम थांबले, कपाळावर हात मारला. "अगं, भरलेली होती ती!"

होतीच भरलेली. उंच बाजूंमुळे खालून आतला माल दिसला नव्हता. वजनाने स्प्रिंगा दबलेल्या, आणि आम्ही दोघं हुशार माणसं दबलेल्या वॅगनची उंची इमानदारीने मोजून घरी आलो होतो. ज्याने कधी वॅगन बनवली नाही त्याच्याकडून ही चूक होणं शक्य नाही. तो वॅगन मोजायला जातोच कशाला? मी चिडून ती मोडायला घेतली. ह्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. खाली इस्त्रीवाल्याकडे गेले, विझल्या कोळशाचा मूठभर चुरा घेऊन आले, वॅगनमध्ये काठोकाठ भरला, गोंदाने बसवला, आणि दुसरी वॅगन रिकामीच ठेवून दोघींना शेजारी उभं केलं. आता पाहा! भरलेली वॅगन जशी दबून उभी राहते तशी ती उभी होती. तिन्ही डब्यांत तीच सर्वांत खरी दिसू लागली. कडी तेवढी वाकवून घेतली. "मोडायची कशाला?" हे म्हणाले, "चुकीला जागा मिळाली की झालं." मी तेव्हा नाक मुरडलं. माझ्या धंद्यात चूक ब्लेडने खरवडून काढतात.

अशी ती गाडी वाढत गेली. भिंतीच्या फळीवर एका टोकाला गार्डचा डबा, आणि त्याच्यापुढे वर्षावर्षाला एखाददुसरी वॅगन. मी बांधायची, हे त्याच रेड ऑक्साइडने रंगवायचे आणि वर रेल्वेची अक्षरं-आकडे लिहायचे, मोहरीएवढी अक्षरं, तरी चालणारी. नव्वदीच्या दशकात एका जयंतीला हे शिडीवर चढले आणि कमानीवरच्या पहिल्याच अक्षराचा काना वाकडा गेला. पुसून पुन्हा काढला, पुन्हा गेला. खाली लोक थांबले होते. "चहा जास्त झाला," म्हणत हे उतरले, आणि राहिलेली अक्षरं वस्तीतल्या दुसऱ्याने पुरी केली. चहा नव्हता तो. कल्याणच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला. हळूहळू वाढेल म्हणाले.

घरी आल्यावर ह्यांनी ब्रश धुतले नाहीत. जन्मात पहिल्यांदा. ते तसेच वाटीत वाळून काडीसारखे कडक झाले. टेबलाशी बसणं बंद झालं. मी नवा डबा पुढे ठेवला तर म्हणाले, "आता तूच लिही." मी लिहिलं. सुबक, सरळ, मेलेलं. ह्यांनी पाहिलं आणि मान फिरवली. मग एक दिवस शांतपणे म्हणाले, "ती गाडी देऊन टाक कुणाला तरी. धूळ खात्येय नुसती." मला राग आला. आजाराचा आला नाही, तो काय, कुणालाही गाठतो. ह्यांचा आला. ज्या माणसाने माझी खाली बसलेली वॅगन मोडू दिली नाही, तो स्वतःला मोडीत काढायला निघाला होता! गाडी घराबाहेर गेली असती तर हा माणूस खुर्चीतून उठलाच नसता, हे मला लख्ख दिसत होतं. भीतीही वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण माझी भीती नेहमी रागाचे कपडे घालून येते.

त्याच दिवसांत एकदा बदलापूरच्या फाटकाशी अडकले. समोर मालगाडी सिग्नलला उभी. किती वर्षं पाहत होते, पण आम्ही बनवताना नेहमी कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या वॅगनी बनवल्या, स्वच्छ. त्या दिवशी अगदी डोळ्यांसमोर एका बंद डब्याचं दार आलं आणि त्यावर खडूने खरडलेलं दिसलं. कुठल्या गावी जायचं त्याचं नाव, एक फुली, एक बाण, गोल करताना निसटलेला गोल. यार्डातल्या माणसाने उभ्याउभ्या, उन्हात, खडबडीत पत्र्यावर, पुढच्या डब्याकडे धावत लिहिलेलं. एक रेघ सरळ नाही! आजवर मी त्याला घाण समजत होते. गाडी सुटली, फाटक उघडलं, मागचे रिक्षावाले "ओ मावशी, चला ना!" म्हणून ओरडू लागले, तरी मी गेलेल्या गाडीकडेच पाहत होते.

दुसऱ्या दिवशी कॅम्प दोनहून शिंप्याचा पांढरा खडू आणला, टोक काढलं, आणि एक तयार डबा ह्यांच्या मांडीवर ठेवला. "लिहा."

"चेष्टा करत्येस का माझी?"

"मला रिकामा वेळ नाही. यार्डातला माणूस समजा स्वतःला. घाईत आहात, ऊन आहे, गाडी सुटायची आहे. दारावर 'कल्याण' लिहा."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, डबा भिंतीवर जातो आता. पण लिहिलं. हात थरथरत होता, खडू दारावर उड्या मारत होता, 'ल्या'चा काना खाली घसरला. मग एक फुली. मी डबा उचलला, फळीवर इतरांच्या मध्ये ठेवला, आणि आम्ही दोघं लांब उभं राहून पाहत राहिलो. तो एकटा डबा कुठून तरी आलेला होता. बाकीचे नुसते बनवलेले होते. मग हे तोंड माझ्याकडे न वळवता म्हणाले, "म्हणजे माझ्यातही कोळसा भरलास तर तू."

मी स्वयंपाकघरात गेले. कुकर लावायचा होता, असं म्हणा हवं तर.

त्यानंतर सगळी गाडी खाली उतरली आणि एकेक डबा ह्यांच्या हाताखालून गेला. कुठे 'खाली', म्हणजे रिकामी, कुठे 'बदलापूर', कुठे नुसता बाण, आणि एकीवर, माझ्या कोळशाच्या वॅगनवर, 'भरलेली', अगदी जाणूनबुजून. कमानीवर हे पुन्हा चढले नाहीत, पण खाली उभं राहून वर लिहिणाऱ्याला "काना जरा दाब रे" असं सांगू लागले. आमची धुसफूसही पूर्वीसारखी सुरू झाली, आणि मला त्याचं केवढं सुख! दर वर्षी खडूची रेघ थोडी अधिक विस्कटत गेली. खरी यार्डंही तशीच असतात, कुठल्याही दोन खुणा एका हाताच्या दिसत नाहीत.

हे गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. वस्तीतली खोली सुटली, मी इथे सोनिवलीला आले, टिचबटणांचं दुकान कधीतरी गेले तेव्हा मोबाइलच्या कव्हरांचं झालेलं होतं. पूर्वीच्या चार चाकी वॅगनीही रुळांवरून कायमच्या गेल्या. जे जातं ते इतकं बिनबोभाट जातं, की आपल्याला कळतं ते फळीवरची धूळ पुसताना. ह्यांच्या जाण्याने अर्धवट राहिलेला हा बंद डबा मी यंदा हातात घेतला, दारं बसवली, रंग दिला, अक्षरं लिहिली. उरला तो खडू. सकाळपासून कागदावर सराव करते आहे. घाई केली, डाव्या हाताने लिहिलं, डोळे मिटून लिहिलं. सगळं थरथरीच्या नकाशासारखं दिसतं, नीट ट्रेस केलेल्या. या वयात माझा हात दगडासारखा स्थिर आहे. शेजारणी म्हणतात, नशीबवान आहात. असेन. त्या हाताला मात्र कुठे जागा सापडत नाही.

तेव्हा मी खडू परत डबीत ठेवला आणि डबा गाडीत लावला, कोळशाच्या वॅगनच्या मागे, गार्डच्या पुढे. दारं कोरी आहेत. यार्डात ज्या डब्यावर खूण नसते त्याला कुठे पाठवायचं ते अजून ठरलेलं नसतं. लिहिणारा माणूस येईपर्यंत तो उभा राहतो.

राहू दे उभा. मला तरी कुठे घाई आहे?