गेरूचा पट्टा

सुभेदार कधी माणसाच्या तोंडाकडे बघायचा नाही, पायांकडे बघायचा. सांगलीत नदीकाठी एका व्यापाऱ्यानं आपली बाग लोकांना फिरायला खुली केली होती, तिचा हा माळी. मूळचा मेढ्याकडचा, पहिल्या महायुद्धात लढाईवर साधा शिपाई म्हणून जाऊन आलेला. सुभेदारी त्याला लोकांनी चिडवण्यासाठी बहाल केली होती. फाटकातून कुणी आत आलं की खुरपं थांबायचं, वहाणा न्याहाळल्या जायच्या आणि मग तोफ सुटायची, "पाय हायती का नांगर? वाटंनं चाला!"

फिरायला येणारे त्याच्या लेखी चरायला सोडलेली ढोरं. एका म्हाताऱ्या हेडमास्तरांना हातातली काठी झुडपांवर सपासप मारीत चालायची सवय होती. सुभेदारानं ती सरळ काढून घेतली. "अरे, माझं वय काय!" मास्तर ओरडले. "आवं, देवळात जाताना वहाणा भाईर काढता न्हवं? तशी काठी दारात ठिवायची." मास्तर रोज तणतणत काठी ठेवायचे आणि रोज यायचे. तसली गार सावली गावात दुसरीकडे कुठं होती?

मी बागेच्या मालकांचा कारकून. दुसरी लढाई चालू होती आणि माझं नुकतंच लग्न झालेलं. एका संध्याकाळी बायकोला बाग दाखवायला नेलं आणि ऐटीत चाफ्याचं फूल खुडून दिलं. सुभेदार कुठून उगवला कुणास ठाऊक. दहा माणसांदेखत म्हणाला, "वैनी, चोरीचं फूल माळू नगा. नवऱ्याला म्हणावं, बाजारात लय मिळत्यात." माणसं हसली, त्याचं काही नाही. बायकोही हसली. ते मला लागलं.

पावसाळा सरला की सुभेदार झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुन्याचे पट्टे ओढायचा, वाळवी लागू नये म्हणून. पण फक्त जित्या झाडांना. वठलेल्यांकडे ढुंकून बघायचा नाही. "मेल्याला कुंकू कशापायी लावायचं?"

त्या वर्षी सरपणाची चणचण होती. बागेतली तीन वठलेली झाडं तोडायची, असं मालकांनी ठरवलं. सुभेदार भावाच्या दिवसांसाठी मेढ्याला गेलेला. झाडं दाखवायचं काम माझ्याकडं आलं. उंब्रजचे लाकूडतोडे सकाळीच आले. त्यांच्या धंद्यात पट्टा ओढलेलं झाड म्हणजे तोडायचं झाड. म्होरक्यानं विचारलं, "सायब, गेरूची तोडायची न्हवं?"

इतकी वर्षं मी सांगत आलो, की मी उशिरा पोचलो. खोटं आहे ते. मी तिथंच उभा होतो आणि "व्हय" म्हणालो. मग चहाला निघून गेलो, तो दुपारपर्यंत फिरकलो नाही. एखादं झाड जाईल, म्हाताऱ्याची जिरेल, एवढाच विचार होता. परत आलो तेव्हा जांभूळ, बकुळी आणि दोन आंबे आडवे झाले होते. वठलेली तिन्ही तशीच उभी.

मालकांनी जाब विचारला. मी म्हणालो, "सुभेदारानं पट्टे ओढून ठेवले होते, त्या पट्ट्यांचा घोटाळा झाला." यात एकही शब्द खोटा नव्हता. मालकांनी त्याला काढून टाकलं.

तो परतला, सावली होती तिथल्या उन्हात तोडलेल्या बुंध्यांपाशी फिरला. मला वाटलं, आता आई-बहीण काढील. तो फाटकाजवळच्या ओट्याकडं गेला. ओट्याखालचं गेरूचं मडकं घेऊन माझ्यापुढं आला आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"तोडणाऱ्याला 'व्हय' कोन म्हनलं, त्ये त्यानंच सांगितलं मला उंब्रजच्या नाक्यावर."

"सुभेदार, मी..."

"ऱ्हाऊ द्या. धरा हे. फुडं पट्टं तुमीच वडा. जितं कंचं, मेलं कंचं, तुमाला चांगलं कळतंय."

मालकांना खरं सांगायला कचेरी दोनशे पावलांवर होती. मी गेलो नाही. तो मात्र वाट सोडून, हिरवळ तुडवत फाटकाबाहेर गेला.

बायको अजून पाहुण्यांना ती चाफ्याची गोष्ट रंगवून सांगते. शेवटी विचारते, "त्या सुभेदाराचं पुढं काय झालं हो?" मी दरवेळी म्हणतो, "गावाकडं गेला." हे छापून आलं, की पहिल्यांदा तीच वाचेल.