गाठ त्याची नव्हती

माझ्या टूलबॉक्समध्ये, व्हर्नियरच्या डबीखाली, वीतभर नायलॉनची दोरी आहे. दोन्ही बाजूंनी कापलेली, मधली गाठ तशीच. आई म्हणते, "फेकून दे ती अवदसा." मी फेकत नाही. सकाळी बॉक्स उघडला की ती दिसते आणि माझं डोकं फिरतं. ते फिरलेलंच राहावं असं मला वाटतं.

गाठी आम्हाला शाळेत स्काउटच्या सरांनी शिकवल्या. मी घोटावड्यातल्या शेतकऱ्याच्या घरचा, आणि माझा मित्र वरच्या धनगरवस्तीवरचा. खाकी कपडे, गळ्यात स्कार्फ, शनिवारी सकाळी मैदानात रांग. सरांनी पहिल्या दिवशी दोरी वाटली आणि रीफ नॉट दाखवायला सुरुवात केली, तर याची गाठ आधीच तयार. सर चकित. हा म्हणाला, "कोकरं बांदतो सर आमी." सर म्हणाले, याला रीफ नॉट म्हणतात. "आमी नाव न्हाई ठेवलं," हा म्हणाला आणि सगळी रांग हसली.

स्काउट हात मिळवतो तो डाव्या हाताने. सर सांगायचे, डावा हात काळजाजवळचा. हे मी घरी मामा आले तेव्हा करून दाखवलं आणि आईने पाठीत धपाटा घातला, पाहुण्याला डावा हात देतोस म्हणून. मित्राने ही गोष्ट शाळाभर केली. पुढे कितीतरी वर्षं तो भेटला की डावा हात पुढे करायचा आणि विचारायचा, "मामा कसं हायेत?"

दहावीनंतर मी आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला. मग पिरंगुटच्या पट्ट्यात कंपन्या करत फिरलो. कंपन्या करणं म्हणजे काय, ते इकडच्या कुठल्याही पोराला विचारा. परमनंट करायची वेळ जवळ आली की कॉन्ट्रॅक्टर ब्रेक देतो, म्हणजे घरी पाठवतो, आणि पुढच्या गेटवर तुम्ही पुन्हा कोरे करकरीत ट्रेनी. मशीनच्या आवाजावरून टूल बोथट झालंय की नाही हे मला कळायला लागलं होतं, तरी मी ट्रेनीच. असं करत एका शेडमध्ये मिलिंगवर लागलो, तर पलीकडे पॉवर प्रेसवर माझा मित्र उभा. आयटीआय त्याला जमलं नव्हतं. तो सरळ हेल्पर म्हणून आला होता आणि त्याला पत्रा दाबायला लावलं होतं.

प्रेसला दोन बटणं असतात, एकेका हाताला एक. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा डाय, म्हणजे साचा, खाली येत नाही. डाय येतो तेव्हा दोन्ही हात बटणावर, म्हणजे बाहेर. शेंबड्या पोराला समजेल इतकं साधं आहे. आमच्या सुपरवायझरला मात्र यात वेळ जातो असं वाटायचं. शिफ्ट सुरू झाली की तो स्वतः येऊन एका बटणावर लाकडाची चकती ठेवायचा आणि वरून दोरी आवळायचा. बटण कायमचं दाबलेलं. मग एका हाताने दुसरं बटण, एका हाताने पत्रा. मित्र एकदा त्याला बोलला, तर सुपरवायझर म्हणाला, "दोन दोन हात कशाला पायजेत? आरती करायचीय व्हय?"

एके दुपारी, जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती, मित्राचा उजवा हात आत राहिला. दोन बोटं गेली.

मी मशीन बंद करून धावलो. सुपरवायझर माझ्याआधी पोचला होता. पण तो माणसाकडे बघत नव्हता. तो बटणावरची दोरी सोडत होता. आणि त्याची गाठ त्यालाच सुटेना! माझा मित्र खाली बसलेला, बाजूच्या पोराने त्याच्या हातावर टॉवेल दाबून धरलेला, आणि हा वाकून नखांनी गाठ उकलतोय. शेवटी त्याने कटरने दोरी कापली आणि स्क्रॅपच्या ड्रममध्ये भिरकावली. मित्राला गाडीत घालून दिल्यावर मी ती उचलून खिशात टाकली.

संध्याकाळपर्यंत ठरून गेलं होतं. दोरी म्हणे मित्रानेच बांधली, काम लवकर उरकावं म्हणून. सुपरवायझर सगळ्यांना सांगत होता, "शाळंत स्काउट हुता न्हवं त्यो? गाठी मारायची लई हौस. च्याच्या टायमाला दाखवत बसायचा." दाखवायचा, हे खरंच होतं. आम्ही दोघं दाखवायचो, तेवढीच तर आमची मिरवायची गोष्ट होती. तीच त्याच्या गळ्यात अडकवली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मी दोरी घेऊन मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, साहेब, ही बघा. एकदा उजवं टोक वर घ्यायचं, मग डावं, की गाठ सपाट बसते आणि दोन्हीकडून आत ढकलली की सुटते. दोन्ही वेळा एकच टोक वर घेतलं की ती अशी आडवीतिडवी होते, आवळून बसते, कापावी लागते. कोकरू बांधणारा माणूस अशी गाठ मारत नाही, कोकरू मरेल. ही त्याची नाही.

मॅनेजर शांतपणे म्हणाला, "अरे, गाठ ती गाठ. तू मशिनिस्ट आहेस ना? मग मशीनवर जा."

शेडमधल्या प्रत्येकाने सुपरवायझरला ती दोरी बांधताना रोज पाहिलं होतं. आळीमिळी गुपचिळी. आणि मला थोड्याच दिवसांत ब्रेक मिळाला.

आता मी त्याच रस्त्यावर दुसऱ्या वर्कशॉपमध्ये आहे. मध्यंतरी कळलं की मित्र जुन्या कंपनीच्या गेटवर वॉचमन झालाय, आणि त्याआधी त्याने लिहून दिलंय की दोरी आपणच बांधली होती. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. बसमधून मध्येच उतरून मी गेट गाठलं.

"का लिहून दिलंस?"

"मेंढरं बापानं कवाच इकली. ह्या हातानं कोन काम देतंय? हितं बसाय तरी मिळतंय."

"पण गाठ तुझी नव्हती!" मी रस्त्यावरच ओरडलो.

"तुला म्हाईत हाय न्हवं?"

"हाय."

"मग बास."

मला बास नाही. मी तसं म्हणणार, तेवढ्यात सुपरवायझरची मोटरसायकल आली. मित्र खुर्चीतून उठला, खांबाची दोरी सोडून गेटचा आडवा दांडा वर केला आणि त्याच उजव्या हाताने सलाम ठोकला. सुपरवायझर समोर बघत आत गेला. मित्राने दांडा खाली घेतला आणि खांबाला पुन्हा दोरी बांधली. एक टोक दातात, एक डाव्या हातात. गाठ सपाट बसली, सरांनी शाबासकी दिली असती अशी. मला त्या गेटवर दगड मारावासा वाटत होता.

"निघतो," मी म्हणालो आणि रागाच्या भरात उजवा हात पुढे केला.

तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग हसला आणि आपला हात पुढे केला.

"डावा रं, डावा. इसारलास व्हय?"