मोडेमचा दिवा

सकाळपासून मोडेमचा दिवा लुकलुकतो आणि विझतो. सुरेश वायरी काढतो, पुसतो, पुन्हा लावतो. यंत्र किंचाळतं आणि गप्प होतं. शेवटी त्याने माझ्या खाटेजवळचा फोन भिंतीतल्या तारेतून काढला, तसं नेट लागलं.

"आई, तुझ्याच फोनमुळे तुटत होतं बघ."

"मग मलाच काढ की घरातून."

तो हसला. मी हसले नाही. माझी धाकटी बहीण गावी अंथरुणाला खिळली आहे. दुपारी ती फोन करते.

नेटची आणि फोनची तार एकच, आणि एका तारेवर एकालाच बोलता येतं. घरातही तसंच असतं. एकाचं सुरू झालं की दुसऱ्याने गप्प बसायचं.

दुपार झाली. दिवा आता स्थिर आहे. बहीण नंबर फिरवत असेल. लाइन एंगेज लागली की तिला वाटेल, अक्का दुसऱ्याच कुणाशी बोलत बसली आहे.