विंगेतले आप्पा

शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचणारी एक चिमुरडी दर गिरकीनंतर डावीकडे, विंगेत उभ्या असलेल्या आईकडे बघत होती. मला मावशी आठवली. लहानपणी ती फिरत्या नाटक मंडळीत गायची आणि तिचे वडील, आप्पा, विंगेतून मान डोलवायचे. पुढे ती सिनेमात गेली. आप्पा तोवर वारले होते, तरी संवाद संपला की तिची नजर डावीकडे जायचीच.

"बाई, तिकडे कोण आहे?" दिग्दर्शक वैतागायचे.

"कुणी नाही हो. सवय."

लोकांनी तिला डोक्यावर घेतलं, पण आपलं काम बरं झालं हे तिला कधी पटलं नाही. इतक्या टाळ्यांनंतरही एकाच माणसाची मान हलायला का हवी असते, कुणास ठाऊक.

शेवटच्या आजारात ती डावीकडच्या भिंतीकडे बघत राहायची. मी तिथे जाऊन बसलो.

"जरा बाजूला हो रे," ती म्हणाली.