भीमाबाईच्या बांगड्या आणि लॅपटॉपातली सवत

भरे गावात गेले पंधरा दिवस एकच कुजबुज होती: भीमाबाईला जाऊन वर्ष उलटलं नाही तोच ज्ञानदेवानं तिला सवत आणली. तीही शहरातली, झरझर बोलणारी. शेजारच्या रंभाबाईनं तर तिला खिडकीतून आपल्या कानांनी ऐकलं. "दिसभर बोलतीया, पर एकदा म्हणून हसली न्हाई," हा तिचा पुरावा.

बाई होती, हे खरं. पण ती लॅपटॉपातली. ज्ञानदेवाला जन्मापासून दिसत नाही. पडद्यावरची अक्षरं ती त्याला वाचून दाखवते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या दीपमालानं, त्याच्या पुतणीनं, तो लॅपटॉप आणून दिला आणि त्यात भीमाबाईची सगळी गाणी भरली. बाणाची कळ दाबली की बाई गाण्याचं नाव सांगणार, तेही वाण्याची यादी वाचावी तसं.

भीमाबाई गायची, ज्ञानदेव पेटी वाजवायचा. तीस वर्षं, विहारात, लग्नांत, बारशांत. नजरेची खूण त्याच्या कामाची नाही, म्हणून दोघांची रीत वेगळी. ती पदर सारखा करायची, बांगड्या किणकिणायच्या आणि त्याच्या डाव्या खांद्यावर तिचं बोट टेकायचं. बोट टेकलं की पेटी सुरू.

आता रेकॉर्डिंगमध्ये बोट कुठून येणार? पण बांगड्या आल्या होत्या. त्या वाजल्या की ज्ञानदेवाचा खांदा आपोआप जरा खाली व्हायचा, आणि त्यावर बोट टेकायचं. टेकायचंच. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. भऱ्यात सांगायचं म्हणजे पिरंगुटच्या बाजारात दवंडी पिटायची.

पंधरा दिवसांपूर्वी विहारातल्या कार्यक्रमाला दीपमालानं लॅपटॉप नेला, आणि बांगड्या गेल्या. कळ दाबली की थेट पेटी, थेट गाणं. खांदा रिकामा. आधी वाटलं, गाणीच कापली गेली. मग वाटलं, भीमा गेली. या वेळी खरोखरची.

दीपमालाला फोन लावायचा, तर सांगायचं काय? खांद्यावरचं बोट हरवलंय? म्हणून तो स्वतःच टॅबची कळ दाबत एकेक पर्याय ऐकत बसला. गावानं ऐकलेली सवत ती हीच.

शनिवारी दुपारी रंभाबाई कालवणाची वाटी घेऊन आली. हात वाटीवर, नजर कोपऱ्याकोपऱ्यात. तेवढ्यात बाई बोलली, "शांतता वगळा. निवडलेले."

ज्ञानदेवाचं बोट थबकलं. गाण्यांमध्ये खंड नको म्हणून दीपमालानं विहारात ती खूण केली असणार, आणि काढायची राहिली. यंत्राच्या लेखी बांगड्या म्हणजे शांतताच.

त्यानं स्पेस दाबली. "निवडलेले नाही."

गाणं लावलं. काही नाही. काही नाही. मग किणकिण.

डावा खांदा खाली गेला. सदरा तिथं बोटाएवढा दबला, असं रंभाबाई अजून शपथेवर सांगते. तिच्या शपथा गावाला ठाऊक आहेत. पण त्या दुपारी वाटीतलं कालवण तिच्याच लुगड्यावर सांडलं होतं, तो डाग मात्र सगळ्यांनी पाहिला.

पेटी सुरू होताच ज्ञानदेवानं गाणं मागं नेलं. पुन्हा किणकिण. पुन्हा मागं.

"आरं ज्ञानदेवा, गाणं तरी हू दे की! मोकळंच काय ऐकतुयास?"

"गाणं तिनं समद्या गावाला दिलंय, आक्का. एवढं मोकळं तेवढं माझं हाय. वाटी ठेवा आन् गप ऱ्हावा."